अधःश्लेष्मल तंतुभवन, मुखाचे

तोंडाच्या आतील नाजूक अस्तराला श्लेष्मकला म्हणतात. तिच्या लगत खाली असलेल्या थरात कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन प्रमाणाबाहेर साचल्यामुळे गाल, ओठ व टाळू ताठर होतात आणि तोंड उघडणे उत्तरोत्तर कठीण होत जाते. या चिरकारी (दीर्घकाल टिकणाऱ्या) विकाराला मुखाचे अधःश्लेष्मल तंतुभवन म्हणतात. दक्षिण आशियातील व तेथून अन्यत्र स्थायिक झालेले लोक, तसेच सुपारी खाण्याची चाल असलेला तैवान व चीनचा हूनान प्रांत यांमध्ये तो प्रामुख्याने आढळतो. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर इ. विदर्भातील जिल्ह्यांत खर्रा चघळण्याच्या सवयीमुळे त्याला विशेष महत्त्व आले आहे.

प्रारंभी तिखट पदार्थांनी तोंडाची आग होते व अधूनमधून फोड येतात. पुढे श्लेष्मकला पांढुरकी पडते आणि गालात दोरीसारखे कठीण पट्टे बोटाला लागतात. निरोगी प्रौढाच्या वरच्या व खालच्या पटाशीच्या दातांत सामान्यतः ३५ ते ४५ मिमी. अंतर पडते, म्हणजे तीन बोटे उभी मावतात. वाढलेल्या विकारात एक बोटही शिरत नाही. जेवणे, बोलणे व दात घासणे अवघड होते.

आधारद्रव्य व कोशिकांची पकड : शरीरातील बहुसंख्य कोशिका सुट्या नसून त्या स्वतःच स्रवलेल्या तंतुमय आधारद्रव्याला धरून असतात. अमेरिकन जीववैज्ञानिक रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये शरीराबाहेर कोशिकासंवर्धन यशस्वी केले व पुढे कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांवर कोशिका वाढवून त्यांना पुढे सरकण्यासाठी घन आधार लागतो, हे दाखविले. आधारद्रव्यातील प्रमुख प्रथिन कोलॅजेन असून त्याची तीन पेडांची सर्पिल रचना जी. एन्. रामचंद्रन् व गोपीनाथ कर्ता यांनी १९५४-५५ मध्ये मद्रास विद्यापीठात मांडली. कोशिका या तंतूंना कशा धरतात, याचा उलगडा मात्र बराच नंतर झाला. १९७० नंतरच्या दशकात फायब्रोनेक्टिन हे जोडणारे प्रथिन ओळखले गेले. १९८४ मध्ये मायकेल पीर्शबाकर व एर्की रूओस्लाहती यांनी त्यातील आर्जिनीन, ग्लायसीन व ॲस्पार्टिक अम्ल या तीन घटकांचा लहानसा क्रम पकडीस पुरेसा असल्याचे दाखविले. कोशिकेच्या पटलातून आरपार जाणाऱ्या व हा क्रम धरणाऱ्या ग्राही प्रथिनांना १९८६ मध्ये ‘इंटेग्रिन’ हे नाव मिळाले. इंटेग्रिनाचे बाहेरचे टोक आधारद्रव्याला, तर आतले टोक कोशिकेच्या सांगाड्याला जोडलेले असते. त्यामुळे कोशिका आधारद्रव्य ओढू शकते आणि त्याचा ताठरपणा तिला जाणवतो. प्रस्तुत विकाराच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली.

विकाराचा इतिहास : १९५२ मध्ये जे. श्वार्ट्‌झ यांनी केन्यातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये या विकाराचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी मुंबईचे एस्. जी. जोशी यांनी टाळू व घशाच्या कमानी यांच्या अशा विकाराला अधःश्लेष्मल तंतुभवन हे नाव दिले व तेच रूढ झाले. १९५६ मध्ये जे. सी. पेमास्टर यांनी अशा मुखात कर्करोग उद्भवत असल्याची नोंद केली.

कारणाचा शोध सुरुवातीस वेगळ्या वाटेने गेला. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात सत्यवती सिरसाट व वसंत रामजी खानोलकर यांनी निकृष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या टाळूवर मिरचीतील कॅप्सायसीन लावून होणारे बदल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तपासले (१९६०). भारतात या विकाराचा सूक्ष्मरचनेच्या पातळीवर झालेला हा पायाभूत अभ्यास होय. तिखट व कुपोषण यांना त्यामुळे बराच काळ प्रमुख कारण मानले गेले. तथापि मेक्सिकोसारख्या भरपूर मिरची खाणाऱ्या, पण सुपारी न खाणाऱ्या देशांत हा विकार आढळत नाही, ही अडचण राहिलीच.

सुपारीकडे लक्ष वळण्यास लोकसमूहांची पाहणी कारणीभूत झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता व त्यांचे सहकारी यांनी डॅनिश शास्त्रज्ञ जेन्स पिंडबोर्ग यांच्या साहाय्याने १९६६ पासून भारताच्या ग्रामीण भागांत पाहण्या केल्या. महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची मुखतपासणी त्यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. एर्नाकुलम जिल्ह्यातील ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले असता ७.६ टक्के रुग्णांना मुखाचा कर्करोग झाला, असे १९८५ मध्ये दिसून आले. भावनगर येथील तुलनात्मक अभ्यासात (१९९०) सुपारीशी असलेला संबंध निर्विवाद ठरला. सर्वाधिक धोका मावा खाणाऱ्यांत आढळला. दरम्यान १९८१ मध्ये जे. पी. कॅनिफ व डब्ल्यू. हार्वी यांनी सुपारीच्या अर्काने तंतुजनक कोशिकांतील कोलॅजेननिर्मिती वाढते, हे प्रयोगशाळेत दाखविले. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीही मानवात कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले.

विकृती का टिकते : सुपारीत तांबे बऱ्याच प्रमाणात असते. कोलॅजेनाचे तंतू एकमेकांस आडवे सांधणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या एंझाइमाला (जैव उत्प्रेरकाला) तांब्याची गरज असते. सांधलेले तंतू सहजी विघटित होत नाहीत. २०११ मध्ये आणखी एक दुवा मिळाला. सुपारीतील ॲरेकोलीन हे अल्कलॉइड श्लेष्मकलेच्या पृष्ठभागावरील कोशिकांत आल्फा-व्ही बीटा-६ या इंटेग्रिनाचे प्रमाण वाढविते, असे आढळले. आधारद्रव्यात निष्क्रिय स्वरूपात साठविलेला टीजीएफ-बीटा हा वृद्धिकारक पदार्थ या इंटेग्रिनाच्या ओढीने मोकळा होतो व तंतुजनक कोशिकांना अधिक कोलॅजेन निर्माण करावयास लावतो. आधारद्रव्य जितके ताठर, तितकी कोशिकांची ओढ परिणामकारक होते आणि वृद्धिकारकही अधिक सुटतो. असे हे चक्र स्वतःच स्वतःला चालविते. म्हणूनच सवय सोडल्यावर विकाराची वाढ मंदावली, तरी पूर्ण वाढलेले तंतुपट्टे आपोआप नाहीसे होत नाहीत.

विदर्भातील स्वरूप : खर्रा म्हणजे सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू व चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून केलेले मिश्रण. यवतमाळ जिल्ह्यात शहरांतील व खेड्यांतील पानठेल्यांवर तो गिऱ्हाइकासमोर तयार करून पुडीत दिला जातो. भूक व थकवा जाणवत नाही, या समजुतीने कष्टकरी वर्गात त्याचा प्रसार झाला. मुलेही त्याकडे ओढली जातात. पुडी थोडीथोडी करून दिवसभर गालात धरली जात असल्याने श्लेष्मकलेशी सुपारीचा संपर्क दीर्घकाळ राहतो. मध्य भारतातील १,००० रुग्णांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या जवळजवळ पाचपट होते. पुरुषांत गुटखा व खर्रा, तर स्त्रियांत नुसती सुपारी चघळण्याची सवय ठळक होती.

महाराष्ट्र शासनाने २००२ मध्ये गुटख्यावर घातलेली बंदी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपुष्टात आली. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली ती पुन्हा लागू करण्यात आली. कारखान्यात बांधलेल्या पुड्यांवर नजर ठेवणे तुलनेने सोपे असते. ठेल्यावर हाताने घोटलेल्या खऱ्र्यावर ठेवणे फार कठीण जाते.

उपचार व प्रतिबंध : सवय पूर्णपणे सोडणे ही उपचाराची पहिली अट आहे. तोंड उघडण्याचे व्यायाम, स्टेरॉइडे व हायलुरॉनिडेज यांची अंतःक्षेपणे (इंजेक्शने) यांनी प्रारंभीच्या अवस्थेत काही प्रमाणात गुण येतो. वाढलेल्या विकारात शस्त्रक्रियेने पट्टे छेदून तेथे कलम लावतात. पण व्यायामात सातत्य नसल्यास मुख पुन्हा आखडते. कर्करोगाचा धोका राहत असल्याने रुग्णाची नियमित तपासणी आवश्यक असते. एकदा घट्ट विणले गेलेले आधारद्रव्य पूर्ववत करण्याचा खात्रीचा उपाय उपलब्ध नाही. तोंडाची आग होऊ लागण्याच्या अवस्थेतच विकार ओळखणे आणि मुलांना पहिल्या पुडीपासून दूर ठेवणे, यांवरच प्रतिबंधाची सारी भिस्त आहे.