मावशीला लिहिलेली पत्रे

संतसज्जनहो, शिऊरच्या बहिणाबाईंनी आपले चरित्र स्वतःच अभंगांत सांगितले. ते वह्यांत उतरले, म्हणून आपण ते गातो. पण जिने अभंग लिहिले नाहीत, तिचे चरित्र कुठे राहते?

आनंदीबाई जोशी यांचेच पाहा. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. १८८३ साली त्या अमेरिकेस निघाल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मागे काय उरले? फिलाडेल्फियाच्या कॉलेजातले १८८५ चे एक छायाचित्र: जपानची एक, सीरियाची एक आणि साडीतल्या आनंदीबाई, तिघी आपापल्या देशाच्या वेषात. आणि उरली पत्रे. न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत, आपल्या चालीरीती नि मनातले त्यांना कळवीत. अशा पत्रांवरूनच काशीबाई कानिटकरांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले. आनंदीबाईंची रक्षाही अखेर मावशीच्याच घराण्याच्या स्मशानभूमीत विसावली.

आता माझा अपराध सांगतो. मी कीर्तनासाठी गावोगाव असे, तेव्हा आई शेजारच्या मुलाकडून कार्ड लिहवून घेई. ती सगळी तारेला ओवलेली होती. घर बदलताना मीच ती बंबात घातली. आज एवढेच आठवते, ‘पायाला जप.’

माउलींनो, वारीला निघण्याआधी घरातली ट्रंक उघडा. आजीच्या फोटोमागे तिचे नाव, गाव, साल लिहा. जपणारा भेटला, तरच ती पुढच्या पिढीला भेटेल.

रामकृष्णहरी.