उपरी, मिरासदार आणि ग्रीन कार्ड : अमेरिकेतील कायम वास्तव्याच्या कायद्याचा इतिहास व खानदेशातील स्थलांतरित

प्रस्तावना

जळगाव शहरालगतचे असोदा हे गाव बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे माहेर म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. लेवा पाटीदार समाजाची वस्ती असलेल्या या परिसरातील समाजपरंपरा आपले मूळ गुजरातकडे सांगते. म्हणजे आज 'मूळचे' मानले जाणारे गावही कधीकाळी बाहेरून आलेल्यांनी वसविलेले असते. या परिसरातील तरुण गेल्या तीन-चार दशकांत अभियंते व संगणकतज्ज्ञ म्हणून अमेरिकेत जाऊ लागले, तेव्हा हाच प्रश्न उलट दिशेने उभा राहिला. नव्या देशात प्रवेश मिळणे ही एक गोष्ट आणि तेथे कायम राहण्याचा हक्क मिळणे ही दुसरी. या दोहोंतील अंतर कोण ठरवितो व कशाच्या आधारावर ठरवितो?

अमेरिकेच्या स्थलांतरविषयक कायद्यातील कायम वास्तव्याच्या हक्काची वाटचाल तपासणे आणि त्या हक्काचा निकष काळानुसार कसा बदलला हे मराठी स्थलांतरितांच्या संदर्भात पाहणे, हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे. परक्या माणसाची गरज प्रवेशाचे दार उघडते. परंतु कायमपणाचा निर्णय त्याच्या कामापेक्षा त्याच्या जन्मस्थानावर अवलंबून राहत आला आहे, हे येथे मांडावयाचे मुख्य सूत्र आहे.

१. देशी पूर्वपीठिका : उपरी व मिरासदार

'कायम रहिवासी' ही संकल्पना मराठी समाजाला नवी नाही. पेशवाईतील दख्खनच्या गावगाड्यात शेतकऱ्यांचे मुख्य दोन वर्ग होते. मिरासदार किंवा थळकरी हा जमिनीचा वंशपरंपरागत हक्कदार असे. उपरी हा बाहेरून आलेला, कराराने जमीन कसणारा कुळवाडी. याखेरीज एका गावात राहून दुसऱ्या गावची जमीन कसणारा ओवांडकरी हाही एक वर्ग होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशाविषयी १८१९ मध्ये सादर केलेल्या अहवालात या वर्गांची नोंद आहे. मिरासदाराचा हक्क इतका दृढ मानला जाई की, परागंदा झालेला मिरासदार अनेक वर्षांनी परतला तरी आपल्या मिराशीवर दावा सांगू शके. उपऱ्याला असे संरक्षण नव्हते. तो पिढ्यान्‌पिढ्या गावात राहिला, तरी केवळ राहण्याने मिरासदार होत नसे.

खानदेशात परिस्थितीने या व्यवस्थेला वेगळे वळण दिले. १८०२ नंतरच्या स्वाऱ्या, १८०३-०४ चा दुष्काळ आणि त्यापाठोपाठची पेंढाऱ्यांची लूट यांमुळे हा प्रांत उजाड झाला होता. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला तेव्हा जमीन मुबलक व कसणारे हात अपुरे, अशी स्थिती होती. पडीक जमीन लागवडीस आणण्यासाठी आरंभी अल्प व पुढे क्रमाने वाढत जाणारा सारा ठरविणारे इस्तावा कौल आणि तगाई ही साधने वापरली गेली. पुढे रयतवारीच्या मोजणी-आकारणीत खातेदार हाच मुख्य घटक झाल्याने मिरासदार व उपरी हा भेद व्यवहारात पुसट झाला.

या पूर्वपीठिकेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. यजमान समाजाची गरज असते तेव्हा परक्याचे स्वागत होते. मात्र त्या स्वागताचे हक्कात रूपांतर होण्यासाठी कायद्याला आपली प्रतवारी बदलावी लागते. अमेरिकेच्या इतिहासाकडे याच दृष्टीने पाहता येते.

२. प्रवेश होता, वास्तव्य नव्हते (१८८३–१९१७)

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत पोहोचल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन परतल्या. श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. भीमराव आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीमुळे परतून संस्थानची सेवा करण्याच्या कराराने ते बांधलेले होते. या तिघांचेही अमेरिकेतील वास्तव्य शिक्षणापुरते होते. त्यांच्यापुढे कायम राहण्याचा प्रश्न आला नाही, म्हणून त्या काळच्या कायद्याची दुसरी बाजू त्यांच्या चरित्रांत ठळकपणे दिसत नाही.

ती बाजू कठोर होती. १७९० च्या कायद्याने नागरिकत्व देण्याची मुभा 'मुक्त श्वेतवर्णीय' व्यक्तींपुरती मर्यादित केली होती. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींची भर पडली, आशियाई मात्र बाहेरच राहिले. १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी झाली. फेब्रुवारी १९१७ च्या कायद्याने, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून, आशियाचा एक विस्तृत पट्टा 'प्रतिबंधित क्षेत्र' म्हणून आखला. भारत त्यात होता. विद्यार्थी व काही व्यावसायिक यांना सूट होती. मजूर व शेतकरी यांना नव्हती. ज्यांच्या येण्याने देशाच्या रचनेत बदल होणार नाही त्यांना तात्पुरती वाट आणि इतरांना पूर्ण अटकाव, असे या कायद्याचे स्वरूप होते.

३. दिलेले नागरिकत्व परत घेता येते काय? पंडित यांचा खटला

कायमपणा किती ठिसूळ असू शकतो याचे उदाहरण म्हणून सखाराम गणेश पंडित यांचा खटला महत्त्वाचा आहे. पंडित यांना १९१४ मध्ये कॅलिफोर्नियात नागरिकत्व मिळाले. पुढे ते वकील झाले. भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात थिंद यांची बाजू त्यांनीच मांडली. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने थिंद यांच्याविरुद्ध निकाल दिला. भारतीय व्यक्ती वंशशास्त्राच्या परिभाषेत कोणत्याही गटात मोडत असली, तरी सामान्य माणसाच्या समजुतीनुसार ती 'श्वेतवर्णीय' नाही, असा त्याचा आशय होता. या निकालाच्या आधारे सरकारने पूर्वी नागरिक झालेल्या भारतीयांचे नागरिकत्व रद्द करण्यासाठी दावे दाखल केले. त्यांपैकी एक स्वतः पंडित यांच्यावर होता.

पंडित यांचा बचाव वंशाच्या व्याख्येवर अवलंबून नव्हता. नागरिकत्वावर विसंबून त्यांनी व्यवसाय उभारला होता, विवाह केला होता, मालमत्ता घेतली होती. तेव्हाच्या कायद्यानुसार नागरिकत्वास अपात्र परदेशीयाशी विवाह करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचेही नागरिकत्व धोक्यात येत असे. राज्याने एकदा विचारपूर्वक दिलेल्या हक्कावर माणसाने आयुष्य रचल्यानंतर तो हक्क काढून घेणे अन्यायाचे आहे, ही भूमिका त्यांनी घेतली. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने सरकारचा दावा फेटाळला. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा ऐकण्यास नकार दिला आणि त्यानंतर उर्वरित दावे सरकारने सोडून दिले. तथापि, तोपर्यंत अनेकांनी नागरिकत्व गमावले होते.

पंडित यांच्या युक्तिवादात एक तत्त्व दडलेले आहे. दीर्घ वास्तव्य, श्रम आणि विश्वास यांतूनही हक्क निर्माण होतो, केवळ जन्मातून किंवा वंशातून नव्हे. अमेरिकेच्या पुढील कायद्यांची परीक्षा याच तत्त्वावर करता येते.

४. शंभरांचा कोटा ते समान मर्यादा (१९४६–१९६५)

२ जुलै १९४६ च्या लूस–सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला. परंतु स्थलांतरितांसाठी वार्षिक कोटा अवघा १०० ठेवण्यात आला. १९५२ च्या कायद्याने नागरिकत्वातील वांशिक अट काढली, तरी राष्ट्रीय मूळावर आधारलेले कोटे कायम ठेवले. खरे परिवर्तन ३ ऑक्टोबर १९६५ रोजी झाले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्या दिवशी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने जुनी कोटापद्धती मोडीत काढली. पूर्व गोलार्धासाठी वार्षिक १,७०,००० व्हिसा आणि त्यातील प्रत्येक देशासाठी जास्तीत जास्त २०,००० ही मर्यादा ठरली. कौटुंबिक नात्यांना अग्रक्रम मिळाला. सोबत व्यावसायिक व कुशल व्यक्तींसाठी स्वतंत्र वर्ग आले.

मुंबई-पुण्यातील डॉक्टर, अभियंते व संशोधक यांच्यासाठी हा कायदा निर्णायक ठरला. त्यांपैकी अनेकांना अल्प प्रतीक्षेनंतर थेट कायम वास्तव्य मिळाले. बृहन्महाराष्ट्र मंडळाची उत्तर अमेरिकेत १९८१ मध्ये झालेली स्थापना ही या स्थिरावलेल्या पिढीची खूण होय. आपण येथे राहणार आहोत ही खात्री असल्याशिवाय संस्था उभ्या राहत नाहीत.

१९६५ च्या कायद्याने लहान-मोठ्या सर्व देशांना एकच मर्यादा लावली. वंशभेदाच्या तुलनेत ही मोठी प्रगती होती. मात्र समान मर्यादेची ही तरतूदच पुढे भारतीयांसाठी अडसर ठरली.

५. १९९० चा कायदा आणि रांगेची निर्मिती

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले (२०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते). त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला अमेरिकेत नवा स्थलांतर कायदा मंजूर झाला. या दोन घटनांचा परस्पर संबंध नाही. परंतु त्यांचे परिणाम एकाच पिढीत एकत्र आले. महाराष्ट्र शासनाच्या १९८३ च्या धोरणामुळे विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि बांभोरी, फैजपूर यांसारख्या ठिकाणी अभियांत्रिकीचे शिक्षण शेतकरी कुटुंबांच्या आवाक्यात आले. शतकाच्या अखेरीस संगणक उद्योगाला मनुष्यबळाची निकड भासली तेव्हा खानदेशातील पदवीधर त्यासाठी सज्ज होते.

१९९० च्या कायद्याने एच-१बी हा तात्पुरत्या नोकरीचा व्हिसा निर्माण केला. त्याची मुदत तीन अधिक तीन, अशी सहा वर्षांची. वार्षिक मर्यादा ६५,००० होती. ती १९९९ व २००० या वर्षांसाठी १,१५,००० आणि २००१ ते २००३ या काळात १,९५,००० झाली. २००४ पासून ती पुन्हा ६५,००० वर आली व त्याच वर्षीच्या कायद्याने अमेरिकेतील उच्च पदवीधारकांसाठी २०,००० ची भर पडली. दुसऱ्या बाजूला नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची वार्षिक संख्या सुमारे १,४०,००० ठरली आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणतः सात टक्के, म्हणजे सुमारे ९,८००, अशी मर्यादा आली. या संख्येत पती-पत्नी व मुले यांचाही समावेश होतो. इतर देशांनी न वापरलेला वाटा कधीकधी मिळतो, तरी मूळ विसंगती त्याने दूर होत नाही. तात्पुरत्या व्हिसाला देशनिहाय मर्यादा नाही. कायम वास्तव्याला आहे. प्रवेशद्वार रुंद व आतील दार अरुंद असल्यावर मधल्या ओसरीत गर्दी होणे अटळ होते.

या मार्गाचे सामान्यतः तीन टप्पे आहेत. प्रथम त्या जागेसाठी योग्य अमेरिकी कामगार उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र मालकाने मिळवावयाचे. नंतर मालकाने कर्मचाऱ्यासाठी अर्ज करावयाचा. आणि शेवटी क्रमांक आल्यावर कर्मचाऱ्याने स्वतः कायम वास्तव्याचा अर्ज करावयाचा. पहिल्या टप्प्याचा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, ती रांगेतील तारीख. २०२४ या संपूर्ण वर्षात भारतीयांच्या उच्च पदवीधारक वर्गासाठी अंतिम मंजुरीची तारीख २०१२ मध्येच रेंगाळत होती. बारा वर्षांपूर्वी रांगेत उभे राहिलेल्यांना तेव्हा ग्रीन कार्ड मिळत होते.

येथे जन्मस्थानाचा नियम विशेष महत्त्वाचा ठरतो. रांग नागरिकत्वावरून नव्हे, तर जन्माच्या देशावरून ठरते. असोद्यात जन्मलेल्या व्यक्तीने पुढे कॅनडाचे नागरिकत्व घेतले तरी ती भारताच्याच रांगेत राहते. आईवडील भारतीय असूनही दुबईत जन्मलेली तिची बहीण मात्र वेगळ्या, लहान रांगेत जाते. (जोडीदाराच्या जन्मदेशाचा आधार घेण्याची सवलत आहे, परंतु दोघेही भारतात जन्मलेले असल्यास ती निरुपयोगी ठरते.) वंशाचा निकष गेला, तरी जन्मभूमीचा निकष नव्या रूपात उरला.

कायद्याने या ताणावर तात्पुरते उपाय केले. २००० च्या कायद्याने रांगेतील व्यक्तींना सहा वर्षांनंतरही एच-१बी वाढवून घेण्याची सोय दिली. २००२ च्या कायद्याने मुलांच्या वयाच्या गणनेत सवलत दिली, तरी एकविसाव्या वर्षानंतर पालकांच्या अर्जातून वगळली जाणारी मुले उरतातच. २०१५ मध्ये रांगेतील ठराविक टप्पा गाठलेल्यांच्या जोडीदारांना नोकरीची परवानगी मिळाली. त्यापूर्वी अनेक उच्चशिक्षित विवाहितांना वर्षानुवर्षे घरी बसावे लागले होते. देशनिहाय मर्यादा हटविणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले; डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने त्याचे वेगळे रूप संमत केले; परंतु दोहोंचा मेळ न बसल्याने कायदा झाला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. तात्पुरत्या हक्काच्या अटी एका आदेशाने कशा बदलू शकतात, हे त्यातून पुन्हा दिसले.

तुलनेसाठी कॅनडाचे उदाहरण उपयुक्त आहे. त्या देशानेही १९०८ पासून 'अखंड प्रवासा'च्या अटीने भारतीयांना रोखले होते आणि १९१४ मध्ये कोमागाता मारू जहाज परतविले होते. परंतु १९६७ मध्ये त्याने शिक्षण, वय, भाषा व अनुभव यांवर आधारलेली गुणपद्धती स्वीकारली. तेथे अर्जदाराची पात्रता मोजली जाते. जन्मदेशाची टक्केवारी त्यात नाही.

६. मागे राहिलेले गाव

ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर साधारणतः पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तोपर्यंत हा हक्कही पूर्ण निरपेक्ष नसतो. पूर्वपरवानगीशिवाय एक वर्षाहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास तो धोक्यात येतो. परागंदा मिरासदाराचा हक्क जसा टिकून राही, तसा हा टिकत नाही. वृद्ध आईवडिलांच्या आजारपणासाठी दीर्घकाळ गावी येऊन राहणे यामुळेच कठीण होते.

दुसरीकडे, १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. २००५ पासूनच्या परदेशस्थ भारतीय नागरिक नोंदणीमुळे, म्हणजे ओसीआय कार्डामुळे, आजीवन प्रवेशाची सोय झाली. मतदानाचा हक्क मात्र नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने ती मिळू शकते. शेतकरी कुटुंबासाठी हा फरक मोठा आहे. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागते. पण शेजारचे शेत विकत घेऊन क्षेत्र वाढविता येत नाही. तिकडे मिरासदार झालेला माणूस इकडे अंशतः उपरी होतो.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. अमेरिकेत कायम वास्तव्याचा निकष वंशाकडून राष्ट्रीय मूळाकडे आणि तेथून देशनिहाय समान मर्यादेकडे सरकला. प्रत्येक टप्पा मागील टप्प्यापेक्षा न्याय्य होता. तरीही लोकसंख्येने मोठ्या देशाच्या बाबतीत समानतेचा आकडा विषम परिणाम घडवितो, हे १९९० नंतरच्या अनुभवाने दाखविले. पंडित यांच्या खटल्यात पुढे आलेले, वास्तव्य व श्रम यांतून हक्क निर्माण होतो हे तत्त्व न्यायालयाबाहेरच्या धोरणात अद्याप पूर्णतः उतरलेले नाही. बारा-पंधरा वर्षे कर भरणारी, घर बांधणारी, मुले वाढविणारी व्यक्ती कायद्याच्या लेखी तात्पुरतीच राहते.

खानदेशातील महाविद्यालयांना या इतिहासाचे महत्त्व केवळ अभ्यासविषय म्हणून नाही. परदेशी जाण्याचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला नोकरीचा मार्ग आणि वास्तव्याचा मार्ग हे दोन वेगळे आहेत, हे आरंभीच समजले पाहिजे. उजाड गावे वसविण्यासाठी उपऱ्यांना कौल देणाऱ्या आणि पुढे त्यांना खातेदार म्हणून सामावून घेणाऱ्या या प्रांताला त्या दोहोंतील अंतराची जाण नवी नाही.