बॉल घराण्यातल्या दोघी आत्या

हैदराबादकडच्या आम्हा लोकांना ताव्हेर्निए ठाऊक असतो तो गोवळकोंड्याच्या हिऱ्यांमुळे. सतराव्या शतकातला हा फ्रेंच जवाहिऱ्या. आपल्यात सराफीची घरं पुष्कळ, म्हणून त्याचं नाव निघतंच. त्याच्या प्रवासवर्णनाचं इंग्रजी भाषांतर १८८९ साली केलं व्हॅलेंटाइन बॉल या आयरिश भूगर्भशास्त्रज्ञाने. हे गृहस्थ १८६४ ते १८८१ भारताच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात होते. छोटा नागपूरची जंगलं त्यांनी पालथी घातली, आणि ताव्हेर्निएने पाहिलेली प्रसिद्ध खाण म्हणजे कृष्णाकाठचं कोल्लूर, असं मांडलं. पुढे डब्लिनच्या संग्रहालयाचे ते संचालक झाले.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या आत्यांबद्दल.

व्हॅलेंटाइनचे वडील रॉबर्ट बॉल डब्लिन कॅसलच्या सरकारी कचेरीत कारकून. १८२७ ते १८५२, पंचवीस वर्षं फायलींत गेली. उरलेल्या वेळात मात्र समुद्रतळाचे जीव वर काढायला लोखंडी चौकटीची, जाळीची पिशवी त्यांनी घडवली. होडीमागून ओढायची ती पिशवी निसर्गअभ्यासक त्यांच्याच नावाने ओळखू लागले. प्राणिसंग्रहालयाचं चिटणीसपण सांभाळलं, आणि १८४४पासून ट्रिनिटी कॉलेजच्या संग्रहालयाचा कारभारही. मुलंही तशीच निघाली. थोरला रॉबर्ट आयर्लंडचा राजज्योतिर्विद, धाकटा चार्ल्स नामांकित शल्यविशारद. दोघेही 'सर' झाले.

रॉबर्टच्या बहिणी दोन, अ‍ॅन आणि मेरी. दोघींनी लग्न केलं नाही. अ‍ॅनला नाद समुद्रातल्या शेवाळाचा. हे काम किती नाजूक म्हणून सांगू! ताटलीभर पाण्यात शेवाळ तरंगवायचं, खाली कागद सरकवायचा, सुईने एकेक तंतू पसरायचा, मग अलगद उचलून दाबून वाळवायचं. पापड वाळवणाऱ्या बाईला त्यातलं कसब लगेच कळेल. तिने शोधलेलं सगळं जायचं विल्यम हार्वी या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे, आणि त्याच्या ग्रंथात छापलं जायचं.

मेरीला किड्यांचं वेड. डबक्यात पोहणारा एक बारीकसा किडा पाण्यात असताना आवाज करतो, हे तिने कान देऊन टिपलं. पुढचे पाय डोक्याच्या कडेवर घासून तो ही किरकिर काढतो. पाण्यातल्या किड्याच्या अशा आवाजाची पहिली नोंद तिचीच. १८४०च्या दशकात ती प्रसिद्ध झाली, पण लेखणी भावाची. पाणी गाळून पिणाऱ्या घरात वाढलेली मी. पाण्यातल्या जिवाचा आवाज ऐकणारी ही बाई मला, का कोण जाणे, अगदी जवळची वाटते. तिने किडे गोळा करून ठेवले, ते मात्र माझ्या जिवाला रुचत नाही, हेही सांगून टाकते.

भावाला मी दोष देत नाही, बरं का. त्याने बहिणींचं काम दडवलं नाही, लोकांपुढे नेलं. अडचण होती ती दारातच. भाऊ ज्या ट्रिनिटीचं संग्रहालय सांभाळत होता, तिथे बायकांना प्रवेश मिळाला १९०४ साली. अ‍ॅन वारली १८७२ साली, मेरी १८९८ साली. भाच्यांना मिळाल्या पदव्या, खुर्च्या, सरकारी हुद्दे. आत्यांना मिळालं आभाराचं वाक्य. घराण्याला सार्वजनिक सेवेचं घराणं म्हणतात, तेव्हा या दोघींची बिनपगारी चाकरी त्यात धरायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

हार्वीने निदान एक केलं. लाल शेवाळाच्या एका सुंदर, पिसासारख्या प्रजातीला त्याने अ‍ॅनच्या आडनावावरून 'बॅलिया' हे नाव दिलं. ते शेवाळ वाढतं दूर दक्षिणेला, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या थंड समुद्रात. नाव अजून तेच आहे.