९९९ वर्षांचा भाडेपट्टा

बोरिवलीहून विरार लोकल पकडली की दहिसर, मीरा रोड आणि मग भाईंदर. त्यापुढे लगेच खाडी. आज खिडकीतून इमारतीच दिसतात, पण या पट्ट्यात पूर्वी खाजणं होती. उधाणाचं खारं पाणी शेतात घुसलं की भात गेलंच म्हणून समजा.

१८७० साली इंग्रज सरकारने घोडबंदर, मीरा आणि भाईंदर ही गावं रामचंद्र लक्ष्मणजी यांना भाडेपट्ट्याने दिली. मुदत किती? तर ९९९ वर्षं! बदल्यात त्यांनी बांध घालून समुद्राचं पाणी अडवायचं. सरकारला फुकटात बांध मिळाला, असो.

पण खाजण राखणं म्हणजे एकदा माती टाकली आणि सुटलो, असं नसतं. खेकडे बांध पोखरतात, उधाण तो फोडतं. उघाडीतून ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला ती बंद ठेवायची. असे काही पावसाळे जाऊन मीठ धुऊन निघालं, की मग कुठे भात. ही चिखलातली कामं गावकऱ्यांनीच उपसली असणार. पट्ट्यावर नाव मात्र एकाचंच. मला खटकतं ते हेच.

१९४५ मध्ये हे हक्क इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे गेले. पुढे शेतं जाऊन टॉवर आले, तरी जमिनीच्या व्यवहारात कंपनीचा ना हरकत दाखला लागतो की नाही, यावर भांडणं होत राहिली. भात पिकवायला दिलेला तो पट्टा कागदोपत्री २८६९ पर्यंतचा आहे.