कानाने वाचणाऱ्याचं साउंड कार्ड

आजचा विषय तसा दुकानातला आहे. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाने संगणकासाठी साउंड कार्ड कोणतं घ्यावं? अमरावती-अकोल्याच्या दुकानात हे विचारलं की गल्ल्यामागून ठरलेलं उत्तर येतं, ‘कार्ड कायले पाह्यजे? आवाज तर बोर्डावरूनच येते ना!’ उत्तर खोटं नाही, पण ते गाणी ऐकणाऱ्यासाठी आहे. डोळस माणसाच्या संगणकाचा आवाज गेला तर त्याचं गाणं बंद पडतं. आमचा आवाज गेला तर आमचा पडदाच जातो. पडद्यावरचा मजकूर आणि दाबलेली प्रत्येक कळ स्क्रीन रीडर बोलून दाखवतो, आणि ते बोलणं साउंड कार्डातूनच बाहेर येतं. हे कार्ड आमच्या वाट्याला कसं आलं, हे कळलं की निवडीचा प्रश्न बराच सोपा होतो.

वऱ्हाडात कानाने वाचणं संगणकाबरोबर आलेलं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज, जन्म १८८१चा. तान्हेपणीच दृष्टी गेली. १९१५ साली ते गेले, म्हणजे आयुष्य उणंपुरं चौतीस वर्षांचं, आणि तेवढ्यात शंभराहून जास्त ग्रंथ. दुसऱ्याने वाचायचं, यांनी ऐकायचं. यांनी सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. त्यांच्या अध्यात्माबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, आपण आज त्यांच्याकडे एक वाचक म्हणून बघू. असं वाचन ज्याने केलंय त्याला वाचून दाखवणारा कसा हवा हे सांगावं लागत नाही. म्हटल्याबरोबर सुरू होणारा, थांब म्हटलं की त्याच शब्दावर थांबणारा, पहिलं अक्षर न गिळणारा, आणि दुसऱ्याने हाक मारली म्हणून मध्येच उठून न जाणारा. आवाज गोड असला तर बरंच, नसला तरी भागतं. आमच्या मते साउंड कार्डाची परीक्षाही याच मापाने घ्यावी.

संगणक बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज कार्डात नव्हताच. वेगळी पेटी असायची. १९८४ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीचं डेकटॉक आलं, एमआयटीच्या डेनिस क्लॅट यांच्या संशोधनावर उभं राहिलेलं. स्टीफन हॉकिंग यांचा जगाला माहीत झालेला आवाज त्याच संशोधनातून निघाला. डेकटॉकची किंमत होती सुमारे चार हजार डॉलर. वऱ्हाडातल्या घराला तो आकडा ऐकूनच सोडून द्यावा लागला असता. पण त्या पेटीत एक गुण होता. ती फक्त वाचायची, दुसरं काहीही करायची नाही.

मग १९८९मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर आलं, मुख्यतः खेळ आणि संगीतासाठी. त्याच वर्षी अमेरिकेत टेड हेंटर यांच्या कंपनीचा जॉज हा स्क्रीन रीडर डॉसवर आला, आणि १९९५मध्ये त्याची विंडोज आवृत्ती. पुढे पेटीतला आवाज सॉफ्टवेअरमध्ये उतरला आणि खेळांसाठीच्या कार्डातून बोलू लागला. हजारो डॉलरची पेटी गेली, ही कमाई मोठीच. पण आता वाचणारा आणि गाणारा एकाच दारातून येऊ-जाऊ लागले.

विंडोज ९५-९८च्या दिवसांत स्वस्त कार्डांवर ते दार एकेरी होतं. एका प्रोग्रामने कार्ड धरलं की दुसऱ्याला ‘उपकरण वापरात आहे’ असं उत्तर मिळायचं. गाणं लावलं की वाचणारा गप्प; आणि तो गप्प झाला की गाणं बंद कुठून करायचं हेही कळत नाही! १९९८मध्ये आलेल्या साउंड ब्लास्टर लाइव्हसारख्या कार्डात अनेक आवाज कार्डातच मिसळायची सोय होती. अशा कार्डाला जास्त पैसे मोजणं आमच्यासाठी चैन नव्हती. पुढे ही मिसळण विंडोजच करायला लागली आणि तो प्रश्न मिटला.

त्यानंतरचा प्रश्न जास्त जिव्हारी लागणारा होता. आवाजाची चिप मदरबोर्डवरच यायला लागली. इंटेलने २००४मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ आणलं, आणि विंडोज एक्सपी तर २००१चं. म्हणजे एक्सपीला ही चिप ओळखताच येईना. ड्रायव्हर मदरबोर्डच्या सीडीवरून चढवावा लागे. आता आपल्याकडचं चित्र आठवा. भारनियमन, अचानक जाणारी वीज, बिघडलेली विंडोज, आणि मग मशीन फॉरमॅट. फॉरमॅट झालेलं मशीन आमच्यासाठी मुकं. सीडी चालवायला पडदा कळायला हवा, आणि पडदा कळायला सीडीवरचा ड्रायव्हर हवा. विंडोजबरोबर येणारा नॅरेटर होता, पण तोही त्याच चिपमधून बोलणार. शेवटी शेजारच्या पोराला हाक. ‘बावा, जरा येऊन पाह्य ना.’ तो येईपर्यंत काम ठप्प.

या कोंडीतून सोडवलं ते यूएसबीच्या बोटभर कार्डाने. साध्या यूएसबी कार्डासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो. लावलं की बोललं. २००६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए लिहायला घेतला. हा स्क्रीन रीडर फुकट, आणि पेन ड्राइव्हवरूनही चालतो. एका खिशात वाचणारा, दुसऱ्या खिशात त्याचा गळा. जॉजची किंमत न झेपणाऱ्या घरांसाठी, आमच्या मते, ही जोडी कोणत्याही सरकारी योजनेपेक्षा जास्त कामाची ठरली.

आता आजच्या खरेदीकडे. खोक्यावरच्या ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’कडे लक्ष देऊ नका. जुना, अनेकांचा लाडका एलोक्वेन्स आवाज सेकंदाला ११,०२५ नमुन्यांचा असतो, आणि मराठी बोलणारा ईस्पीक २२,०५० नमुन्यांचा. बाकीचे आकडे आपल्या वाचनाला उपयोगाचे नाहीत. तपासायचं ते वेगळंच. हेडफोन लावा, दहा सेकंद शांत बसा आणि एक कळ दाबा. पहिलं अक्षर तुटलं, ‘कमळ’चं ‘मळ’ झालं, तर ते कार्ड वीज वाचवायला मधेमधे झोपतंय. एनव्हीडीएच्या नव्या आवृत्त्यांत कार्ड जागं ठेवायची सोय आहे, पण मुळातच न झोपणारं मिळालं तर तेच घ्या. ब्लूटूथ हेडफोनमध्ये हा दोष असू शकतो, शिवाय कळ आणि आवाज यांच्यात अंतर पडतं. दिवसभर टंकलेखन करणाऱ्याला ते सोसत नाही.

म्यूटचं बटण असलेलं आणि म्यूट झाल्याची खूण फक्त लाल दिव्याने देणारं कार्ड घेऊ नका. तो दिवा कोणासाठी? त्यापेक्षा बोटाने फिरवायचं चाक बरं. हेडफोन आणि माइकची भोकं सारखीच असतील तर एकाशेजारी एम-सीलचा ठिपका द्या. आणि आपल्या उन्हाळ्याचा विचार करा. एप्रिल-मेमध्ये अकोल्यात कूलरशिवाय बसता येत नाही, आणि कूलर सुरू असला की लॅपटॉपच्या स्पीकरमधलं यांत्रिक मराठी निम्मं विरून जातं. म्हणून हेडफोनला पुरेसा जोर देणारं कार्ड हवं. ते कूलर चालू ठेवूनच तपासा.

दुसरं कार्ड घेण्याचं खरं कारण मात्र त्या जुन्या पेटीतच आहे. स्क्रीन रीडरचा आवाज यूएसबी कार्डाकडे द्या, बाकी सगळं बोर्डावरच्या चिपकडे. हे व्याख्यान एका कानात आणि टिपणांची फाइल दुसऱ्या कानात, असं ऐकणारे आत्ताही आपल्यात असतील. एनव्हीडीएने २०२४मध्ये एकाच हेडफोनच्या दोन कानांत आवाज वाटायची सोय दिली, तीही चांगली. पण चिप बिघडली तरी वाचणारा शाबूत राहतो तो वेगळ्या कार्डामुळेच.

२०२४मध्येच वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांकडे वाढलेल्या, दृष्टिहीन असलेल्या माला पापळकर एमपीएससीतून लिपिक-टंकलेखक पदासाठी निवडल्या गेल्या. असं स्वप्न घेऊन परीक्षा केंद्रावर जाणाऱ्यांनी केंद्र सरकारची सध्या लागू असलेली मार्गदर्शक तत्त्वं वाचून ठेवावीत. संगणकावर परीक्षा देणाऱ्याला एक दिवस आधी ते यंत्र तपासू द्यावं, असं २०१८च्या तत्त्वांत होतं. त्यांनुसार स्वतःचा लॅपटॉप चालत नसे, मात्र कीबोर्ड, खास माउस ‘इत्यादी’ सहायक साधनं नेता येत. आता यूएसबी कार्ड नेता येतं का, हे केंद्रावर पोचायच्या आधी लेखी विचारून घ्यावं. आणि आदल्या दिवशी यंत्र तपासायला मिळालं, तर केंद्राचा हेडफोन लावून दहा सेकंद शांत बसावं, मग एक कळ दाबावी.