सालाझारची खुर्ची

पाच आठवड्यांपूर्वी मोरीत पाय घसरला आणि कपाळ नळावर आपटलं. टेंगूळ आलं, दोन दिवसांत गेलंही. घरात कोणाला बोललो नाही. (चिरंजीव हे वाचतीलच, म्हणून इथेच कबुली.) तेव्हापासून राहून राहून सालाझार आठवतो.

१९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा मी पाचवीत होतो. १९३२पासून पोर्तुगालचा पंतप्रधान असलेला हा हुकूमशहा आम्हा पोरांना गोष्टीतला राक्षसच वाटायचा. गोवा गेला तरी त्याची सत्ता टिकली. ती गेली एका आरामखुर्चीपायी!

३ ऑगस्ट १९६८. वय ७९. लिस्बनजवळ एस्तोरिलच्या किल्ल्यात उन्हाळ्याचा मुक्काम होता. कापडी खुर्चीत अंग टाकलं आणि डोकं फरशीवर आपटलं. खुर्ची मोडली की सरकली, यावर दुमत आहे. पण "कोणाला सांगू नका" ही ताकीद मात्र त्याने लगेच दिली. डॉक्टरही बोलावू दिला नाही. त्याच महिन्यात गड्याने मंत्रिमंडळात फेरबदलसुद्धा केले!

इथेच खरी मेख आहे. उतारवयात मेंदू थोडा आकसतो, कवटीशी अंतर पडतं आणि मधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. साध्या धक्क्यानेही एखादी फाटते. रक्त इतकं हळू साठतं की कित्येक आठवडे माणूस ठणठणीत दिसतो. मग डोकं दुखतं, विसरायला होतं, तोल जातो. घरचे म्हणतात, वय झालं. शिवाय हे दुखणं बायकांपेक्षा पुरुषांत जास्त.

सालाझारवर ७ सप्टेंबरला शस्त्रक्रिया झाली. जरा सावरतोय तोच १६ तारखेला मेंदूत रक्तस्राव झाला. २७ला मार्सेलो काएतानो पंतप्रधान झाले. पुढे सालाझार थोडाफार शुद्धीवर आला, पण पद गेल्याचं त्याला कोणी सांगितलंच नाही. मंत्री येत, कारभाराचं बोलल्यासारखं करत. १९६९मध्ये भेटलेल्या फ्रेंच पत्रकाराशी तो सत्ता हातात असल्यासारखाच बोलला. २७ जुलै १९७०ला गेला. वर्गात हे सांगताना मुलं हसायची, मीही हसायचो.

परवा जिन्यात समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ भेटले. पंधरा वर्षांचा शेजार, पण नाव काही आठवेना. आज सकाळी सौ.ला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, नुसती डॉक्टरांची फाइल काढून बसली. उद्या अकराला सीटी स्कॅन आहे.