किल्लारीचा नकाशा चुकला, म्हणून विज्ञान हरलं का?



"तुमच्या विज्ञानाला किल्लारीचा भूकंप आधी कळला का?" बैठकीत कुंडली-मुहूर्ताचा विषय निघाला की लोहारा-उमरग्याकडे हा प्रश्न हमखास येतो. आपले कार्यकर्ते त्याला बगल देतात. देऊ नये.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं. लातूरचं किल्लारी, आपल्या जिल्ह्यातलं सास्तूर आणि भोवतालची गावं झोपेतच दगड-मातीच्या भिंतींखाली, माळवदांखाली गाडली गेली. सरकारी आकड्यानुसारच सुमारे ८ हजार माणसं गेली. आणि तेव्हाच्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात हा भाग झोन १ मध्ये होता, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात! आदल्या वर्षी किल्लारीला धक्के बसले होते, तरीही.

नकाशा चुकला. सरळ कबूल करा.

पण तो चुकला हे कळलं, कारण त्याने काहीतरी नेमकं सांगितलं होतं. कोणती घटना घडली तर आपण खोटे ठरू, हे ज्या दाव्यातून कळतं तोच विज्ञानाचा, ही कसोटी कार्ल पॉपरने १९३४ मध्ये मांडली. २००२ मध्ये झोन १ रद्द झाला आणि किल्लारी परिसर झोन ३ मध्ये गेला. (त्याला नऊ वर्षं लागली, हेही सांगा.)

'देवाचा कोप' मात्र कधीच चुकत नाही. पाळण्यातली बाळं मेली तरी नाही, सावकार वाचला तरी नाही. आपल्या आज्यापणज्यांना ऐकवलेलं 'मागच्या जन्मीचं पाप' याच जातीचं. ते खोटं ठरवणारा पुरावा असूच शकत नाही, म्हणून ते इतकी शतकं टिकलं.

फलज्योतिषाचं थोडं वेगळं आहे. ते तपासता येतं. २००८ मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी ते तपासलं. १०० हुशार विद्यार्थी आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेली मुलं, अशा २०० कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० दिल्या. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती.

इथे पॉपरच्या पुढे जावं लागतं, असं मला वाटतं. दावा खोटा ठरल्यावर तुम्ही काय करता? पुढच्या बैठकीत कुणी किल्लारीचं नाव काढलं, तर नकाशा बदलल्याचं साल सांगा, २००२. मग विचारा, त्या ४६ टक्क्यांनंतर कुंडलीचा कोणता नियम बदलला?